मंगळवार पेठेतली सामाईक भिंत

३ नोव्हेंबर २००२, रविवार

रिटायर होऊन तिसरा दिवस. सकाळी साडेपाचला उठले, वेणी घातली, घड्याळ बांधलं आणि मग आठवलं, ड्युटी नाही. परत आडवं व्हावं तर झोप कसली येते. चौतीस वर्षांची खोड. चहा टाकला तो दोन कप झाला. एकीला किती लागतो तेही हाताला कळेना.

दवाखान्याच्या ऑफिसचं पत्र आलंय. क्वार्टर ३१ जानेवारीपर्यंत सोडायची. शेजारच्या सिस्टरनं दारातनंच चकल्या दिल्या. घाईत होती.

६ नोव्हें., बुधवार

धाकटा भाऊ बाळू आला होता गडमुडशिंगीहून, बायको-पोरांना घेऊन. म्हणाला, आक्का, वरची खोली तुझीच आहे, उगं भाड्याबिड्याच्या नादाला लागू नको. वहिनी म्हणाली, खोलीत सध्या सोयाबीनची पोती आहेत, ती तेवढी हलवायची. पोरांना फटाक्याला पैसे दिले. ती गेल्यावर भांडी घासताना कारण नसताना रडू आलं.

८ नोव्हें., शुक्रवार

मं. पेठेत एका जुन्या पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग करायला गेलते. येताना बोळ चुकले आणि एका घरापुढं आले. बुटकं, कौलारू, तीन खणांचं. दारावर खडूनं 'विकणे आहे' आणि पुण्याचा फोन नंबर. पुढचा भाग बरा. बाजूनं वाकून बघितलं तर मागचं छप्पर बसलंय, कौलं सगळी जमिनीवर.

एसटीडी बूथवरनं पुण्याला फोन केला. का केला देव जाणे. (देव नाही जाणत. मीच जाणते.) मालकीणबाई वारल्या, आता पुतण्या विकतोय. किंमत ऐकून दोनदा विचारलं. म्हणाला, बाई, घराची अवस्था बघा मग किमतीचं बोला. किल्ली शेजारच्या म्हशीवाल्या आण्णांकडं आहे.

१० नोव्हें., रविवार

किल्ली आणायला गेले. आण्णा म्हणजे सत्तरीचा गडी, गोठ्यात धार काढत होते. दोन म्हशी, एक रेडकू. विचारलं, पावणं कुठलं? नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. "बरं," म्हणाले, उठले आणि किल्ली आणून कट्ट्यावर ठेवली. हातात दिली नाही.

कळलं काय ते. ह्या वयात आता वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते.

घर बघितलं. पुढची खोली ठीक. मधल्या खोलीची तुळई वाळवीनं खाल्लेली, बोट घातलं तर आत गेलं. स्वयंपाकघर म्हणजे ढिगारा. आण्णांच्या आणि ह्या घराच्या मधली भिंत मातीची, सामाईक, दोन्हीकडच्या तुळया तिच्यातच टेकलेल्या. ती मागच्या बाजूला फुगलीय आणि तिच्यातनं पिंपळ आलाय, माझ्या खांद्याएवढा. चुलीची जागा मात्र शाबूत. राखपण होती.

वॉर्डात असा पेशंट आला असता तर नातेवाइकांना बाहेर बोलवून सांगितलं असतं.

१४ नोव्हें., गुरुवार

परत गेले. काम काही नव्हतं. मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले तासभर. भिंतीपलीकडं आण्णा म्हशीला शिव्या देत होते, अगदी प्रेमानं. त्यांच्या सुनेनं फोडणी दिली, तिचा ठसका मला आला. कुणीतरी रेडिओ लावला, कुणीतरी बंद केला. कोपऱ्यावर पोरं फुटबॉलच्या मॅचवरनं भांडत होती, पेठेत दुसरा विषयच नाही.

क्वार्टरमध्ये दार लावलं की कुकरची शिट्टी सोडून आवाज नसतो. एकटं वाटतं. घ्या, लिहिलं एकदाचं.

१७ नोव्हें., रविवार

बाळूला घराचं सांगितलं. म्हणाला, "आक्का, तुला काय खूळ लागलंय का? एकट्या बाईला घर कशाला? आणि ते बी पडकं?" मी म्हटलं, एकट्या बाईला पाऊस लागत नाही का. चिडला. त्याचंही बरोबर आहे. लग्न पाहावं करून, ते दीड वर्ष पाहिलं. आता ह्या वयात घर पाहावं बांधून.

खरं तर आजवर स्वतःचं म्हणून घर झालंच नाही. बापाचं, मग नवऱ्याचं, मग नर्सेस हॉस्टेल, मग क्वार्टर. कुठं खिळा मारायचा तर विचारून.

२१ नोव्हें., गुरुवार

गणपा मिस्त्रीला घेऊन गेले. जुना ओळखीचा, त्याच्या बायकोची तिन्ही बाळंतपणं माझ्या हातनं झालीत. सगळीकडं ठोकून बघितलं. म्हणाला, घर उभं राहतंय, मी करतो, पण भिंतीतला पिंपळ आधी काढा. मुळं सगळी भिंतीत शिरलीत. मग काढ की, म्हटलं. तर कानाला हात लावला. "सिस्टर, पिंपळाला मी हत्यार लावत न्हाय. मुंजा असतोय. दुसऱ्या कुणाकडनं तोडून घ्या, मग मी भिंत बांधतो."

बाहेरचा एक मजूर विचारला. त्यानं झाड बघितलं आणि चप्पल घालून चालू लागला.

हसले तेव्हा. पण मग घरी येऊन विचार केला, मी तरी तोडीन का? मी काही झाडापुढं हात जोडणारी नव्हे. पण आईनं छप्पनला घरातले देव नदीत सोडले तेव्हा मी बारा वर्षांची होते. रिकाम्या कोनाड्यात तिनं एकच तसबीर लावली, पिंपळाखाली बसलेले भगवान. तिला वाचता येत नव्हतं. तिला ते झाड तेवढं ओळखता यायचं. तिची लेक पिंपळावर कोयता घालणार?

म्हणजे मुंजाच्या भीतीनं तो तोडत नाही, आणि आईच्या आठवणीनं मी. भिंत बिचारी मधल्या मध्ये मरतेय.

२६ नोव्हें., मंगळवार

कोर्टाजवळच्या दस्तलेखकाकडं गेले. कागद बघून म्हणाला, मालकी स्वच्छ आहे. पण सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याची संमती लिहून घ्या, नाहीतर पुढं भांडणं. खरेदीआधीच घ्या.

म्हणजे आण्णा.

२९ नोव्हें., शुक्रवार

आण्णांनी सही दिली नाही. कागद उलटासुलटा केला, चष्मा नाही म्हणाले. मी वाचून दाखवला. मग म्हणाले, मुलाला विचारतो. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, शिफ्टला गेलेला. म्हटलं, मालक तुम्ही, मुलाला काय विचारायचं? तर म्हणाले, "भिंतीचं न्हाय जमणार बाई. भिंतीला हात लावू नका."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, सरळ सांगा की. कांबळे शेजारी नको म्हणून सांगा. त्या दिवशी किल्लीपण हातात दिली नव्हतीत. चौतीस वर्षं ह्या गावाचं गू-मूत काढलं, तेव्हा कुणी आडनाव विचारलं नाही. सून दारात येऊन उभी राहिली. आण्णा खाली मान घालून बसले. मी निघून आले.

बरं बोलले. बरंच बोलले.

६ डिसेंबर, शुक्रवार

बिंदू चौकात जाऊन आले. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, लहान पोरं. गर्दीत तीनजणी भेटल्या, तिघींनीही तेच विचारलं, आता कुठं असता? दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, म्हटलं. आणि जानेवारीनंतर? हसले नुसती.

मेणबत्ती लावली. एवढ्या लोकांत जय भीम म्हणताना बरं वाटतं. मग बसस्टॉपवर आपण एकटेच.

११ डिसें., बुधवार

ड्रेसिंगला पेठेत जायचंच होतं. बोळाच्या तोंडाशी आण्णा उभे. वाट बघत होते बहुतेक, पण तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "हात शेणानं भरलेलं हुतं बाई त्या दिवशी. किल्ली म्हनून कट्ट्यावर ठेवली."

मग म्हणाले, झाड मी काढतो. तोडायचं न्हाय, मुळासकट सोडवून दुसरीकडं लावलं तर दोष लागत न्हाय. रविवारी या.

सहीचं विचारलं. ते बघू म्हणाले.

घरी येऊन आठवायला बसले, खरंच हात भरलेले होते का? धार काढत होते, तेवढं आठवतंय. हाताकडं मी बघितलंच नव्हतं. मी तोंडाकडं बघत होते.

१५ डिसें., रविवार

काय लिहू. भिंत पडली.

सकाळी नऊला सुरू केलं. आण्णा त्यांच्या बाजूनं, मी माझ्या बाजूनं (माझ्या? अजून घेतलंय कुठं). खुरप्यानं माती मोकळी करायची, मूळ दिसलं की बोटांनी सोडवायचं. दोघांनाही मूळ तोडायचं नव्हतं. मी तर सलाईनची सुई काढावी तसं एकेक सोडवत होते. आण्णा पलीकडनं विचारायचे, निघालं का? मी म्हणायची, वाईच थांबा. दोन तास असं चाललं. इतक्या बारक्या कामावर कुणाशी इतका वेळ बोलून किती वर्षं झाली.

साडेअकराला झाड हातात आलं, अख्खं, एक मूळ तुटलं नाही. आण्णा म्हणाले, "बगा, हाय का न्हाय?" आणि वरनं माती गळायला लागली. मी मागं सरले म्हणून वाचले. पुरुषभर उंचीचं भगदाड. पलीकडं आण्णा धुळीनं पांढरे, आणि त्यांच्या मागनं म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करतेय.

नशिबानं तुळई लटकली, पडली नाही. गणपाला बोलावून टेकू लावले. तो लई बोलला. झाड जमिनीलगत कापलं असतं तर मुळं आतल्या आत वाळली असती, भिंत उभी राहिली असती. मुळांनीच तर माती धरून ठेवली होती. "कुनी सांगितलं हुतं मुळं सोडवायला? तुमी दोघं शानी मानसं ना?" तोडायला स्वतः नको म्हणालेला, ते सोयीनं विसरला.

मग पाया बघितला. खालची माती ओली गच्च, हिरवट, वास मारत होती. भिंतीला पांढरा, मिठाचा लोणा चढलेला. गणपानं आण्णांकडं बघितलं, मी बघितलं. गोठ्याचं पाणी. उतार ह्या घराच्या बाजूला. कित्येक वर्षं मुरत होतं.

आण्णा दगडावर बसले. म्हणाले, "म्हनून सही देत नव्हतो. भिंत उकरली की सगळ्यांस्नी दिसलं असतं. मालकीणबाई सांगून सांगून थकल्या, आण्णा, पाण्याला वाट काढा. उद्या करतो, उद्या करतो म्हणत बसलो. त्यांचं सैपाकघर बसलं, त्या पुण्याला गेल्या, आन् तिथंच संपल्या. शेजारीण घालवली मी."

मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते आठवलं. माफी मागितली. ते म्हणाले, तुमचं तरी काय चुकलं, लोकं तसं वागत्यातच की.

सुनेनं चहा दिला. सगळ्यांना कपात, मला स्टीलच्या पेल्यात. कप कमी असतील. मोजत बसले नाही. मोजले, खोटं कशाला लिहू. फळीवर अजून दोन होते.

२२ डिसें., रविवार

आण्णांचा मुलगा भेटला. तिशीचा, बोलायला नीट. पण रागात होता आणि त्याचं बरोबर होतं. म्हणाला, तुम्ही अजून घर घेतलं नाही आणि आमची भिंत पाडून बसला. वडील रात्रंदिवस टेकूकडं बघत बसतात. एक बिल्डर केव्हापासून दोन्ही जागा मागतोय. तुम्ही घेणार असाल तर जानेवारीअखेर घ्या आणि भिंत बांधा. नाहीतर आम्ही पुण्याच्या पुतण्याला सांगून दोन्ही देऊन टाकतो. वडिलांनंतर मला म्हशी सांभाळायच्या नाहीत.

आण्णा समोरच होते. ऐकून न ऐकल्यासारखं पेंड भिजवत बसले.

म्हणजे मी ज्या आवाजासाठी घर घेतेय, तो आवाज किती वर्षांचा? आण्णा सत्तरीचे. नंतर पलीकडं चार मजली इमारत आणि मधे मी आणि माझी नवी भिंत. हा विचार आधी का नाही आला मला?

५ जानेवारी २००३, रविवार

गडमुडशिंगीला गेले. बाळूनं खोली दाखवायला बोलावलं होतं. पोती हलवलीत. भिंतींना फिकट निळा रंग दिलाय, नवी ट्यूब, खिडकीला जाळी. वहिनीनं स्वतः फरशी पुसली होती. खिळे मारून ठेवलेत चार. आक्का, तसबिरी तुला पाहिजे तिथं लाव, म्हणाला. मी इतके दिवस त्यांच्याबद्दल मनात काय काय धरून बसले होते.

जेवून तिथंच आडवी झाले. खाली पोरं दंगा करत होती, वहिनीनं त्यांना दटावलं, आत्या झोपल्यात, हळू. लगेच सगळं घर गप्प. रेडिओ बंद. पाय न वाजवता चालायला लागले सगळे. मी डोळे मिटून पडले होते, जागी. दंगा चालू दे म्हणून सांगायला जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. पाहुणीनं काय सांगायचं.

किती चांगली माणसं आहेत. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

१२ जाने., रविवार

पेठेत गेले. आण्णांनी गोठ्याच्या पाण्याला नळी टाकून गटारीपर्यंत नेलीय. स्वतः खणली, ह्या वयात. पाठ धरलीय. मी चोळायला मलम दिलं आणि ओरडलेपण. म्हणाले, आता तुम्ही घ्या न घ्या, ज्यो कोन येईल त्याची भिंत तरी भिजायला नको.

पिंपळ तेलाच्या डब्यात लावलाय. एक पान धरलंय.

भगदाडाला त्यांनी पोत्यांचा पडदा बांधलाय. पलीकडनं म्हणाले, "बाई, चा घेनार?" घेते म्हटलं. पडदा सारून आण्णांनी स्वतः दिला, कपात. सून माहेरी गेलीय.

२० जाने., सोमवार

अर्धं सामान बांधलं. चौतीस वर्षांचं सामान चौदा खोक्यांत मावणार. पुण्याच्या पुतण्याचा फोन, मंगळवारी २८ तारखेला येतो, हो-नाही सांगा, बिल्डर थांबलाय. बाळूचा फोन, टेम्पो कधी पाठवू? दोघांनाही कळवते म्हटलं.

गणपा म्हणतो, दोन्ही घरांच्या तुळया पेलायच्या तर विटांची पक्की भिंत घालावी लागेल, सिमेंटची, दीड वीत जाड. आवाज येईल का पलीकडचा, मी विचारलं. त्याला वाटलं मला त्रासाची काळजी आहे. "अजाबात येनार न्हाय सिस्टर, म्हशी आरडल्या तरी कळायचं न्हाय. निवांत झोपा." त्याला वाटलं मी खूश होईन.

२७ जाने., सोमवार

दस्तलेखकाकडं बसले होते दीड तास. आण्णा बरोबर आले, संमतीवर अंगठा नाही, सही केली. मोठ्या अक्षरात, जोर लावून. चष्मा होता बरोबर.

खरेदीखताचा कच्चा कागद तयार आहे, उद्या पुतण्या आला की पक्का. त्यात चतुःसीमा लिहितात, घराच्या चारी बाजूंना कोण कोण आहे ते. पूर्वेस बोळ. पश्चिमेस आण्णांचं नाव. लेखकानं मोठ्यानं वाचलं तसं आण्णा म्हणाले, आता माझ्या कागदात पूर्वेला हिचं नाव येनार की. लेखक म्हणाला, नवा दस्त होईल तेव्हा येईल. आण्णांनी मान हलवली. नवा दस्त होणार तो त्यांचं घर विकलं गेलं की, हे त्यांना कळलं का नाही कोण जाणे. मला कळलं.

मग लेखकानं माझी माहिती घेतली. नाव, वय अठ्ठावन्न, धंदा निवृत्त. पत्ता काय घालू, म्हणाला. क्वार्टरचा सांगितला. म्हणाला, बाई, तो शुक्रवारी संपतोय ना, कायमचा पत्ता सांगा. गडमुडशिंगी घालू का, भावाचा? मी थांबा म्हटलं. ह्या घराचा घालता येईल का? तो हसला, ते अजून तुमचं कुठं झालंय. आण्णा माझ्याकडं बघत होते. मागं चार माणसं नंबर लावून उभी होती. मला एक पत्ता सांगता येईना.

लेखक म्हणाला, राहू दे, जागा मोकळी सोडतो, उद्या अकराला येताना सांगा. कागद पिशवीत आहे. बाळूला अजून फोन केलेला नाही.